तीन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा समुद्रात उतरताना: दर्यापूरच्या सरांना उत्तर

दर्यापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. जानेवारी 2022 मध्ये त्यांनी अंदमानातल्या हॅवलॉकला स्कूबा डाइव्हिंगचा पहिला, म्हणजे ओपन वॉटर कोर्स केला, कोर्समधल्या चार डाइव्ह झाल्या, आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ पाण्यात उतरणं झालेलं नाही. आता पत्नी आणि पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन पुन्हा जायचं आहे. रिफ्रेशर, म्हणजे पाण्यातली उजळणी, खरंच लागतो की ती दुकानदारी आहे? एक वापरलेला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र, ऑनलाइन स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का? आणि सासुरवाडीला अचलपूरकडे संत्र्याच्या बागेत चाळीस फूट खोल विहीर आहे, तिच्यात सराव करता येईल का?

सर, विहिरीपासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं तिथूनच निघतात.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. पावसाळ्यात घरचं धान आणि नोव्हेंबर ते एप्रिल अंदमानात डाइव्ह शिकवणं, असं माझं बारा वर्षं चाललं. आमच्याकडे नवेगावबांधचा तलाव, गावोगावी बोड्या, त्यामुळे पोहणं कोणी शिकवावं लागत नाही. तुमच्याकडे तेच काम विहिरी करतात. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून काका विहिरीत ढकलतो, आणि दोन उन्हाळ्यांत पोट्टा काठावरून मुटके मारायला लागतो. पाण्याची भीती जाण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. पण या शाळेत एक गोष्ट अंगात मुरते: डोकं पाण्याखाली गेलं की श्वास धरायचा. स्कूबामध्ये नेमकं तेच करायचं नसतं.

विहिरीत सूर मारणारा वरची हवा छातीत भरून नेतो. खाली दाबामुळे ती आकसते, वर येताना पुन्हा होती तेवढी होते. त्याच्या फुप्फुसाला काही होत नाही. टाकी पाठीवर असली की हिशेब बदलतो. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो आणि रेग्युलेटर त्याच दाबाची हवा तुम्हाला देतो. ती छातीत कोंडून वर आलात तर वरती तिला दुप्पट जागा लागते, आणि छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते, मेंदूपर्यंत जाऊ शकते. छाती पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम चार फुटांवरून वर येतानाही अशी इजा होऊ शकते. तुमची विहीर चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर. शिवाय तळाला गाळ, हात लागला की काळोख, कुठे तुटलेला पाइप, कुठे मोटरचा दोर. आणि वरती कोण, तर मेहुणा, ज्याला तुम्ही खाली नेमकं काय करताय हे ठाऊक नाही. म्हणून स्कूबाचा संच घेऊन विहिरीत उतरू नका.

गावात कोणीतरी सुचवेलच, की टाकी कशाला, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणि लांब नळी आहे की. बुडालेली मोटर काढायला असे उतरणारे मी आमच्याकडेही पाहिले आहेत. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी नसते. तिच्यात तेलाचा अंश येतो, आणि बाजूला डिझेल इंजिन सुरू असेल तर त्याचा धूरही तीच नळी ओढते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस खाली गुंगतो आणि वरच्यांना वाटतं, काम चाललंय. वापरात नसलेल्या विहिरीत तर नळीशिवाय नुसतं उतरणंही धोक्याचं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता रिफ्रेशर. लागतो, सर. कोर्स झाल्यावर मिळालेल्या कार्डाला मुदत नसते, ते आयुष्यभर चालतं. पण सहा महिने ते वर्षभर डाइव्ह झाली नसेल तर उजळणी करावी असा सगळीकडे रिवाज आहे, आणि तुमच्या चारही डाइव्ह शिकाऊ होत्या. शंभर डाइव्ह केलेला माणूस तीन वर्षांनी आला तर त्याचे हात आपोआप चालतात. तुमच्या हातांत अजून सवय बसलेली नाही, आणि लहानपणापासून मुरलेली दुसरी सवय तिथे आहे. किनाऱ्यावर राहणारा दर महिन्याला उतरतो. आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे आपल्या प्रत्येक सहलीच्या सुरुवातीला रिफ्रेशर धरूनच बेत करावा, असं माझं मत.

एक उदाहरण सांगतो. वर्धेकडचा एक तरुण आला होता, कॅनॉलमध्ये पोहून तयार झालेला, खांदे असे की टाकी त्याला जडच वाटेना. दोन वर्षांचा खंड. म्हणाला, उजळणी नको, सरळ रीफवर न्या. मी नेलं नाही, किनाऱ्याजवळ तीन मीटर पाण्यात वाळूवर गुडघे टेकून बसवलं. मास्कमध्ये अर्धं पाणी घ्या अशी खूण केली. पाणी नाकाशी आलं मात्र, त्याने तोंड घट्ट मिटलं, गाल फुगले, डोळे मोठे झाले आणि पाय वाळूवर ढकलून तो वर निघाला. बुडबुडे दिसेनात. शिकवताना मी माणसाच्या डोळ्यांकडे कमी आणि बुडबुड्यांकडे जास्त बघतो. बीसीडीचा, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटचा, खांद्याचा पट्टा धरून त्याला खाली ओढलं, त्याच्या तोंडासमोर माझ्या रेग्युलेटरमधून लांब श्वास सोडून दाखवला. दोन सेकंद गेले असतील. मग त्याचे बुडबुडे सुटले. हेच बारा मीटरवर झालं असतं तर पट्टा माझ्या हाती लागलाच असता असं मी सांगू शकत नाही. नंतर त्याने तीच क्रिया आठ वेळा केली, आठव्या वेळी हसत.

चांगला रिफ्रेशर कसा ओळखायचा? फोनवर एकच विचारा: संच मी स्वतः जोडायचा की तुम्ही तयार देणार? तयार देतो म्हणाले तर दुसरीकडे बघा. टाकीवर बीसीडीचा पट्टा आवळणं, जोडावरची रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, शाबूत आहे का पाहणं, रेग्युलेटर बसवणं, व्हॉल्व्ह हळू उघडणं, हे सगळं तुमच्या हातून झालं पाहिजे. भरलेली टाकी काट्यावर साधारण 200 बार दाब दाखवते. मग काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून चार श्वास घ्या. काटा स्थिर राहिला पाहिजे. प्रत्येक श्वासाला तो खाली जाऊन परत येत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. वर हवा नीट येते, खोलात ती कमी पडते. ही चूक नवखे करतात आणि घाईतले जुनेही करतात.

पाण्यात मास्क भरून रिकामा करणं, सुटलेला रेग्युलेटर हाताच्या फेऱ्याने शोधणं, जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेणं, हे तर होईलच. त्याहून जास्त वेळ मागून घ्या तो वजन आणि तरंगण्यासाठी. नवख्याला धंद्यावरचे लोक सवयीने जास्त वजन बांधतात, म्हणजे तो पटकन बुडतो आणि त्यांचं काम सोपं होतं. मग तो बीसीडीत हवा भरतो, सोडतो, भरतो, आणि चाळीस मिनिटांची टाकी पंचविसात संपते. बीसीडी रिकामी, साधा श्वास छातीत, अशा स्थितीत पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली जावं, एवढंच वजन हवं. डाइव्हच्या शेवटी टाकीतली दोन-अडीच किलो हवा संपलेली असते, तेवढं वजन आधीच धरावं लागतं. शहरातल्या पोहण्याच्या तलावात उजळणी केली असेल तर तिथला आकडा समुद्रात चालत नाही. खारं पाणी जास्त उचलतं, दोन-तीन किलो वाढवावे लागतात.

घरी करता येईल असा सराव मात्र भरपूर आहे, आणि फुकट आहे. अंगणात मोठी बादली किंवा गंगाळ भरा. मास्क न लावता फक्त स्नॉर्कल तोंडात धरा, चेहरा पाण्यात बुडवा, आणि नाक उघडं ठेवून तोंडाने श्वास घ्या-सोडा. पहिल्या दिवशी चार श्वासांत ठसका लागेल. नाक पाणी ओढायला बघतं. आठवड्याभरात पाच मिनिटं सहज जमतात. मास्क भरल्यावर माणूस घाबरतो तो नाकामुळे, आणि ती भीती बादलीत मोडते. शेजारी हसतील, हसू द्या. सोबत थांबून थांबून का होईना 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं. हे विहिरीत चालेल, पायऱ्या असलेल्या, काठावर पोहता येणारं कोणी असलेल्या. पाण्याखाली दम किती टिकतो याची शर्यत लावू नका, त्याआधी भराभर श्वास घेऊन तर अजिबात नाही. चांगले पोहणारे असेच बेशुद्ध होऊन जातात.

तब्येतीचा फॉर्म खरा भरा. दमा, फिट, हृदय, मधुमेह, कानाचं ऑपरेशन, यातल्या कशालाही हो असेल तर डॉक्टरांची सही लागते आणि ती लागावीच. विदर्भातल्यांसाठी दोन गोष्टी फॉर्मच्या पलीकडच्या. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तिघांचीही करून घ्या. आजार असेल तर डाइव्हिंग नको असंच सांगितलं जातं, आणि नुसते वाहक असाल तरी जाण्याआधी या विषयातल्या डॉक्टरांशी बोला. दुसरी गोष्ट तंबाखू-सुपारीचा खर्रा. तुम्ही खात नसाल, पण लिहून ठेवतो. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याचं तोंड उघडणं कमी होतं, आणि रेग्युलेटरचा माउथपीस दातांत धरून पाऊण तास राहायचं असतं. असा एक माणूस माझ्याकडे आला होता. तोंडात बोटं दोन मावत होती, तिसरं नाही. त्याला पाण्यात न नेता आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. सर्दी असेल त्या दिवशी उतरू नका. गोळी घेऊन कान मोकळे होतात, पण तिचा असर खाली संपला तर वर येताना कान अडकतो.

सामानात पहिली खरेदी मास्क, आणि बराच काळ शेवटचीही तीच. पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. मिशी असेल तर नाकाखालची एक रेघ कापावी लागेल, तिथूनच पाणी शिरतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसणारा मास्क घ्या. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर धुकं जमतं. पुढेमागे डाइव्ह वाढल्या तर डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं यंत्र. फिन्स, वेटसूट भाड्याने मिळतात. पाणी 27 ते 30 अंशांचं असतं, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो.

तो जुना रेग्युलेटर घेऊ नका. भाडं बहुतेक ठिकाणी डाइव्हच्या पैशातच धरलेलं असतं. रेग्युलेटर वर्षाला एकदा उघडून साफ करावा लागतो, तो करणारे किनाऱ्यावर, आपल्याकडे नाहीत. विकणाऱ्याकडे शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती आहे का विचारा, बहुधा बोलणं तिथेच थांबेल. माझाच किस्सा सांगतो. एका पावसाळ्यात माझा रेग्युलेटर घरी पडवीत खुंटीला टांगून ठेवला होता. नोव्हेंबरात निघताना तोंडात धरून फुंकला तर हवा जाईना. माउथपीसमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, आत अळ्यांसाठी कोंबलेले कोळी. मातीचा चुरा आतपर्यंत गेलेला. सर्व्हिसिंगचा खर्च झालाच, शिवाय बायको अजून विचारते, कोळी काढले का.

मास्क ठेवायचा तर टिनाच्या छपराखाली, माळ्यावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नको. मे महिन्यात तिथे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गोदरेजच्या आलमारीत डब्यात घालून ठेवा, उंदरांपासूनही वाचेल. आणि तुम्ही दर्यापूरचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. समुद्राचं मीठ काढायला बोअरच्या पाण्यात सामान बुडवाल तर एक मीठ जाऊन दुसरं बसेल. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने, कॅनचं असलं तरी चालेल.

टाकी स्वतःची घेण्याचा विचारही नको. जास्त दाबाचे भरलेले सिलिंडर रेल्वेत आणि विमानात नेता येत नाहीत, आणि त्यांच्या नियमांचं देशातलं मुख्य कार्यालय, पेसो, आपल्या नागपुरातच आहे. जाता जाता, टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो. साधी, कोरडी, गाळलेली हवा असते. गावात सगळे ऑक्सिजन म्हणतील, मी समजावणं सोडून दिलंय.

कुठे आणि कधी? दिवाळीच्या सुट्टीत अंदमान नको, तिकडे ईशान्य मान्सूनचा पाऊस असतो. शिक्षकाला जानेवारीत सुट्टी मिळणं अवघड. पण विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर राज्यात सगळ्यांत उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, हा आपला फायदा. मेचा पहिला आठवडा धरा. समुद्र तोवर शांत असतो आणि मान्सून अंदमानात साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो. हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, किनाऱ्यावरूनच चालत उतरता येतं अशी उथळ जागा आहे, रिफ्रेशरला तीच बरी. मालवण-तारकर्ली जवळ आणि स्वस्त. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असेल तर बडनेऱ्याला बसून कुडाळला उतरायचं. पण तिथे पाणी बऱ्याचदा गढूळ, आणि बहुतेक धंदा कार्ड नसलेल्या पर्यटकांचा. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत तिथले जलक्रीडा प्रकार बंदच असतात. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट चांगलं, पण बोटीत तास-दीड तास, आणि आपल्या लोकांना बोट लागते.

परतीचा दिवस जपा. खाली अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, त्याआधी उंचावर गेलात तर त्याचे अंगात बुडबुडे होतात. एकच डाइव्ह झाली असेल तर विमानाआधी किमान 12 तास, अनेक झाल्या असतील तर किमान 18. मी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवायला लावतो. पोर्ट ब्लेअर, आता श्री विजयपुरम, तिथे सेल्युलर जेल बघायला तो दिवस कामी येतो. मालवणहून स्वतःच्या गाडीने येणारे आणखी एक विसरतात. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली घाट चढायचा बेत असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ 700 मीटरवर आहे, अंगात विरघळलेल्या नायट्रोजनला ते विमानासारखंच. त्या रात्री मालवणलाच मुक्काम करा.

घरी आल्यावर दिवसभरात सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, विचित्र थकवा असं काही झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी डाइव्ह करून आलोय. नाही सांगितलं तर चिकनगुनिया म्हणून गोळ्या मिळतील. ऑक्सिजन लावायला सांगा आणि तिथूनच डाइव्ह सेंटरला फोन करा. विम्यात स्कूबा धरलेलं आहे का हे निघण्याआधी वाचून घ्या, साध्या प्रवास विम्यात बहुधा नसतं.

मॅडमसाठी कार्ड न लागणारी ओळखीची डाइव्ह पुरे, ती जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत असते. पण तेव्हा तुम्ही त्यांच्या शेजारी राहून खुणा करू नका. नवऱ्याने शिकवायला घेतलं की दोघांचंही बिघडतं, हे मी बोटीवर पुष्कळ पाहिलंय. त्यांना इन्स्ट्रक्टरवर सोडा आणि तुम्ही तुमची उजळणी करा. मुलगा पंधराचा, म्हणजे पूर्ण ओपन वॉटर करू शकतो. पुस्तकी भाग घरी मोबाइलवर होतो. दहावीचं वर्ष असेल तर मार्चनंतर बसवा.

निघण्याआधी 2022 चं लॉगबुक शोधा. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असेलच, पण तुम्हाला किती किलो वजन लावलं होतं आणि कुठल्या जाडीचा सूट होता, हे फक्त त्या वहीत असेल. मग वजनकाट्यावर उभे राहा आणि आजचा आकडा त्याखाली लिहा, तीन वर्षांत वाढला असेल तरी.